झोंबी आणि झॉम्बी

गेल्या आषाढात नातू चार दिवस उत्रोलीला राहायला आला, तेव्हा पाऊस असा लागून राहिला होता की रोहिडा किल्ला जागेवर आहे की वाहून गेला, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नसतं. अशा हवेत मोबाइलची रेंज जाते आणि पुण्याच्या मुलांना आजी-आजोबा दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसला.

“आजोबा, तुम्हाला झॉम्बी माहितीये?”

“न माहीत असायला काय झालं? कपाटात आहे. वरून दुसरा कप्पा.”

तो चाट पडला. मी उठलो आणि आनंद यादवांची ‘झोंबी’ काढून त्याच्या हातात दिली. १९८७ सालची कादंबरी, १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार. कागलचं एक शेतकऱ्याचं पोर शाळेसाठी बापाशी, गरिबीशी, आपल्या नशिबाशी कसं झुंजतं त्याची गोष्ट. माझ्या प्रतीला कडेनं कसरीनं नक्षी काढलेली आहे.

“हे नाही हो,” तो म्हणाला. “झॉम्बी! मेलेली माणसं उठतात आणि जिवंत माणसांच्या मागे लागतात ते.”

“त्याला आमच्याकडे सातबारा म्हणतात.”

हे त्याला कळलं नाही. चुलत आजोबा मरून चाळीस वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर त्यांचं नाव कसं ताठ उभं असतं आणि वारसनोंदीच्या दिवशी ते सगळ्या भाऊबंदांना कसं चावतं, हे कळायला माणसाच्या नावावर निदान दोन गुंठे तरी लागतात.

त्याने आणलेल्या कादंबरीचं नाव ‘वर्ल्ड वॉर झी’. मी म्हटलं, आपल्याकडे झेड म्हणतात. तो म्हणाला, अमेरिकेत झी. ‘झी’ ऐकून आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि “किती वाजता लागते?” असं विचारून गेली. कादंबरीवरून सिनेमाही निघालेला होता आणि तो लॅपटॉपमध्ये होता. आधी काय, यावर थोडा वाद झाला. पुस्तक इंग्रजी आणि चांगलं जाडजूड, सिनेमा दोन तासांचा. आम्ही सिनेमा निवडला. पुढे दोनदा वीज गेल्यामुळे तो आम्हाला दीड दिवस पुरला.

सिनेमा २०१३ चा. दिग्दर्शक मार्क फॉर्स्टर, नायक ब्रॅड पिट. गेरी लेन हा संयुक्त राष्ट्रांचा माजी तपास अधिकारी बायको आणि दोन मुलींना गाडीत घालून फिलाडेल्फियातून चाललेला असतो. रस्ता तुंबतो, आणि बघता बघता माणसं माणसांना चावायला लागतात. ज्याला चावा बसला तो बारा आकडे मोजेपर्यंत उठतो आणि पुढच्याच्या अंगावर धावतो. नुसता चालत नाही, धावतो. गाडीच्या काचेवर डोकं आपटतो, उड्या मारतो, गच्चीवरून खाली झेपावतो.

ही तांदूळ निवडत बसली होती. तिने चष्म्यावरून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मेल्यावरसुद्धा एवढी घाई?”

या एका वाक्यात तिने जी समीक्षा केली तिचा अर्थ मला पुस्तक वाचल्यावर कळला. तेव्हा मी हसलो आणि पुढे बघत राहिलो. गेरी दक्षिण कोरियाला गेला, तिथून जेरुसलेमला, तिथून विमान कोसळून वेल्सला. “हा माणूस बसतो कधी?” असं हिने विचारलं, तेव्हा तो विमानात बसलेला होता, पण तिथंही मागच्या बाजूला चावाचावी सुरू झालीच.

जेरुसलेमचा प्रसंग मात्र मान्य करायला हवा. शहराभोवती प्रचंड भिंत. आत आलेले निर्वासित सुटकेच्या आनंदात ध्वनिक्षेपकावर गाऊ लागतात, आणि तो आवाज ऐकून बाहेरचे हजारो मुडदे भिंतीवर चढू लागतात. एकाच्या खांद्यावर दुसरा, दुसऱ्याच्या डोक्यावर तिसरा, असा माणसांचा ढीगच वर सरकत येतो. आणि नेमका पहिला मुडदा भिंतीवरून आत पडला, तेव्हा आमच्याकडची वीज गेली.

बॅटरी लावली तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर तोच सिनेमा चालू होता. पावसाने हैराण झालेल्या मुंग्या फळीवरच्या गुळाच्या डब्याकडे निघालेल्या, एकीच्या पाठीवर दुसरी. हिने शांतपणे परात घेतली, तिच्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि डबा मधोमध ठेवून दिला. खंदक तयार. अख्ख्या इस्रायलला जे सुचलं नाही ते तिने अंधारात, अर्ध्या मिनिटात केलं. “झालं,” ती म्हणाली. “आता चढा म्हणावं.”

नातवाने मग सांगितलं की ते जेरुसलेम खरं म्हणजे माल्टा आहे आणि ते फिलाडेल्फिया म्हणजे स्कॉटलंडमधलं ग्लासगो. त्याचं मला नवल वाटलं नाही. भोरच्या राजवाड्याजवळ राहणाऱ्या माणसाला सिनेमाच्या भूगोलाचं काय सांगावं! आमचा वाडा पडद्यावर कुणाकुणाचा होऊन आलाय, भोरचा म्हणून आलाय असं फारसं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवट पाहिला. मुडदे आजारी माणसाला चावत नाहीत, हे गेरीच्या लक्षात येतं. वेल्समधल्या प्रयोगशाळेत तो स्वतःला एक जीवघेणा रोग टोचून घेतो आणि मुडद्यांच्या मधून सरळ चालत निघतो. वाटेत यंत्रातून पेप्सीचा डबा काढून पितोसुद्धा. जग बुडत असताना हे गार पिणं मला जाहिरात वाटलं. ही म्हणाली, “तहान लागली असेल. केवढा पळालाय.”

तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस जरा मोकळा झाला. धुकं खाचरांवर उतरलं होतं. आवणाचे दिवस. दारातून पाहिलं तर धुक्यात दहा-बारा आकृत्या, सगळ्या कमरेत वाकलेल्या, डोक्यावरून प्लॅस्टिकचे कागद घेतलेल्या, हात लोंबते, आणि सगळ्या मिळून एका लयीत मागे मागे सरकणाऱ्या. भाताची लावणी उलट पावलांनी करतात. नातवाने माझा दंड पकडला.

“आजोबा! ते बघा!”

मीही क्षणभर पाहतच राहिलो. तेवढ्यात त्यातली एक आकृती कंबर धरून सरळ झाली आणि ओरडली, “काकी, च्या टाका गं!”

नातू हसला. मी मात्र दिवसभर त्या आकृतीचा विचार करत होतो. धुक्यात वाकलेली होती तोवर ती कुणीही होती. तोंड उघडलं आणि ती आमच्या खालच्या घरची सून झाली. मुडदा आणि माणूस यांत फरक एवढाच असावा, की माणूस चहा मागतो.

नातू पुण्याला गेला आणि पुस्तक ठेवून गेला. ते मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. श्रावण लागला, गणपती आले आणि गेले. लेखक मॅक्स ब्रुक्स. वडील मेल ब्रुक्स, अमेरिकेला पोट धरधरून हसवणारे सिनेमावाले. मुलाने २००६ साली ही कादंबरी लिहून लोकांना घाबरवलं. म्हणजे खाचर तेच, पीक बदललं.

पुस्तकातले मुडदे धावत नाहीत. बाजारातून परतणाऱ्या म्हशींसारखे आपल्या चालीने येतात. घाई नाही, दम लागत नाही, झोप नाही. तुम्ही पळून पळून थकता, बसता, डोळा लागतो आणि ते येऊन पोचतात. थंडीत गोठतात, उन्हाळ्यात वितळून पुन्हा चालू लागतात. पाण्यात बुडत नाहीत. समुद्राच्या तळावरून वर्षानुवर्षं चालत राहतात आणि कुठल्या तरी किनाऱ्यावर निघतात. म्हणजे हिची परात पुस्तकात टिकली नसती. तिला मी हे सांगितलं, तर म्हणाली, “गुळापर्यंत यायला त्यांना किती वर्षं लागतील? तोवर गूळ संपेल.”

पण खरा फरक चालण्याधावण्यात नाही. पुस्तकातही संयुक्त राष्ट्रांचा माणूस आहे. फक्त तो युद्ध संपल्यावर, दहा वर्षांनी येतो. जगभर हिंडतो आणि वाचलेल्या माणसांना विचारतो, तुमचं काय झालं? सगळी कादंबरी म्हणजे त्याला मिळालेली उत्तरं. त्याला नाव नाही, शौर्य नाही. तो बसतो आणि ऐकतो. ही पद्धत ब्रुक्सने स्टड्स टर्केल या अमेरिकी पत्रकाराकडून घेतली. टर्केलने दुसऱ्या महायुद्धातून गेलेल्या साध्यासुध्या माणसांना बोलतं करून १९८४ साली ‘द गुड वॉर’ हे पुस्तक केलं होतं. सुरुवातीलाच एक मजा आहे. या माणसाने सरकारी अहवालासाठी माणसांच्या हकिगती गोळा केल्या, तर वरिष्ठांनी निम्म्या काढून टाकल्या. त्यांना आकडे हवे होते, भावना नको होत्या. त्या काढून टाकलेल्या पानांचं म्हणे हे पुस्तक झालं.

आणि बोलतं कोण कोण! चीनच्या खेड्यात पहिला रुग्ण पाहिलेला डॉक्टर. या रोगाला रेबीज समजून लोक घाबरले, तेव्हा ‘फॅलँक्स’ नावाची निरुपयोगी लस विकून गब्बर झालेला धंदेवाईक. याँकर्सच्या लढाईतला सैनिक. तिथं अमेरिकी फौज रणगाडे, विमानं, सगळं घेऊन उभी राहते आणि हरते, कारण ही सगळी अवजारं शत्रूला घाबरवण्यासाठी असतात आणि मेलेला माणूस घाबरत नाही. नागासाकीच्या बाँबमध्ये डोळे गेलेला जपानी माळी, जो म्हातारपणी डोंगरात जाऊन फावड्याने लढतो. दक्षिण आफ्रिकेतली एक थंड डोक्याची योजनाही आहे : काही लोकांना वाचवायचं असेल तर बाकीच्यांना मुडद्यांपुढे आमिष म्हणून सोडून द्यायचं. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलं नाही. आपला देशही आहे. गुजरातेत जहाजं तोडायच्या अलंगच्या किनाऱ्यावर बोटींसाठी लोटलेली गर्दी आहे, उदयपूरच्या तळ्यातल्या महालात बसून हिमालयातली हकिगत सांगणारा माणूस आहे. भोर तालुका मात्र कुठं नाही. मी दोनदा शोधला.

एक नमुना सांगतो. उत्तर कोरिया दोन्हीकडे आहे. सिनेमात एक माणूस गेरीला सांगतो, की तिथल्या सरकारने एका दिवसात सगळ्या प्रजेचे दात उपटले. दात नाही तर चावा नाही. ऐकताना जीभ आपसूक आपल्या दाढेवर जाते. पुस्तकात दात नाहीत. पुस्तकात एवढंच आहे, की एके दिवशी उत्तर कोरियाची सगळी माणसं नाहीशी झाली. बहुधा जमिनीखाली. पुढे काय झालं, कुणाला माहीत नाही, आणि दार उघडून बघायची कुणाची हिंमत नाही. सिनेमाची गोष्ट मी नातवाला हसत हसत फोनवर सांगितली. पुस्तकातली रात्री दोन वाजता आठवते.

तरीही ‘पुस्तकात असं नव्हतं’ म्हणणाऱ्या मंडळींत मी नाही. ही मंडळी दर सिनेमाच्या मध्यंतराला वडापाव खाताना भेटतात. चाळीस माणसांना चाळीस खुर्च्यांत बसवून दोन तास बोलायला लावलं तर तिकिटाचे पैसे परत मागायला मीच पहिला जाईन. या सिनेमाने जगभर ५० कोटी डॉलरहून जास्त धंदा केला, तो काही बसून बोलण्यावर नाही. पडद्याची म्हणून एक ताकद असते. पुन्हा आनंद यादवच घ्या. त्यांच्या ‘नटरंग’वर रवी जाधवांनी सिनेमा काढला, २०१० च्या पहिल्या दिवशी तो लागला. गावचा पैलवानगडी गुणा तमाशापायी नाच्या होतो. यादवांनी ते मराठीत किती खोल नेलं आहे! पण अतुल कुलकर्णींनी आधी अंग कमावून आणि मग तेच अंग झडवून जे दाखवलं, ते पाहताना आमच्या शेजारचे म्हातारे पैलवान उठून बाहेर गेले होते. तो परिणाम शब्दांचा नाही, तो देहाचा. मराठीत मुडद्यांचाही सिनेमा झाला आहे, आदित्य सरपोतदारांचा, २०२२ चा. डोंबिवलीत मुडदे उठतात, उंच सोसायटी एकीकडे आणि वस्ती एकीकडे, मधे पाण्याचं भांडण. त्याच्यामागे कादंबरी नाही. पण नाव पाहा : ‘झोंबिवली’. झॉम्बीला मराठीत आणताना त्यांनाही आमच्या ‘झोंबी’च्याच दारातून आत यावं लागलं.

आणि त्या दाराशी मी थबकलो. झोंबी म्हणजे अंगाला अंग भिडवून केलेली झटापट. हाच धातू मिरचीला आहे, गार वाऱ्याला आहे आणि सासूच्या बोलण्याला आहे, सगळे झोंबतात. झोंबण्यासाठी समोर जिवंत कातडी लागते. मुडद्याला काही झोंबत नाही. ना याँकर्सचे तोफगोळे, ना थंडी, ना शब्द.

आपली जुनी भुतंसुद्धा या बाबतीत माणसातली होती. मुंजा पिंपळावर, साती आसरा पाण्यावर, वेताळ वेशीबाहेर. प्रत्येकाला पत्ता होता आणि प्रत्येकाचं काहीतरी राहिलेलं होतं. कुणाचं लग्न राहिलं, कुणाला दहीभात हवा. विचारलं तर सांगत. वेताळाने तर कमाल केली. मुडद्यात शिरून तो राजाच्या खांद्यावर बसला आणि चावला नाही. पंचवीस वेळा गोष्ट सांगून प्रश्न विचारला. झॉम्बी पहिलं भूत असं, ज्याला काही सांगायचं नाही आणि काही विचारायचं नाही. हिच्या ‘मेल्यावरसुद्धा एवढी घाई?’चा अर्थ मला तिथं लागला. ज्याला बोलायचं नसतं तोच एवढा धावतो.

मग मला वाटलं, सिनेमा झॉम्बीचा आहे आणि कादंबरी झोंबीची. सिनेमाने मुडद्यांकडे कॅमेरा लावला. कादंबरीने जिवंत राहिलेल्यांच्या अंगावरचे ओरखडे मोजले. या शोधावर मी फार खूश झालो आणि संध्याकाळी हिला ओट्यावर बसवून सगळं समजावून सांगितलं. ती गवार मोडत होती.

“आपल्याकडे नाही का झालं तसं,” ती म्हणाली. “करोनात.”

झालं होतं खरं. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि महिन्याभरात मुंबई-पुण्याची आपलीच माणसं परत येऊ लागली, तेव्हा गावोगाव रस्त्यावर बाभळीच्या काट्या पडल्या होत्या. आमच्या वाडीच्या तोंडाशी आम्हीही टाकल्या. ‘आम्ही’ म्हणजे पाच जणांची राखण. वयाने मोठा म्हणून मला खुर्ची आणि एक वही दिलेली. आलेल्यांना शाळेत चौदा दिवस ठेवायचं आणि वहीत लिहायचं. नाव, कुठून आला, तारीख, ताप. ती वही अजून कपाटात आहे, ‘झोंबी’च्याच कप्प्यात. तिच्यात एकही खाडाखोड नाही, आणि एकही माणूस नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वरिष्ठांना फार आवडली असती.

“शाळेत ती बाई होती बघा,” ही म्हणाली, “घाटकोपरहून आलेली. पाचवा महिना. तिला काही जायचं नाही तोंडात. आंबट मागायची.”

“कुणाला मागायची?”

“मलाच. दुसरं कोण जात होतं?”

“तू शाळेपर्यंत जात होतीस? काट्या होत्या ना तिथं!”

“पलीकडं कशाला जायला हवं? आंबे उतरवायचा झेला होता की आपला. बांबू लांब आहे त्याचा. त्याच्या जाळीत डबा ठेवायचा आणि काट्यांवरून पलीकडं धरायचा. ती काढून घ्यायची. रिकामा डबा परत जाळीत. कधी कढी, कधी चिंचेचं सार. एकदा तिनं डब्यात बांगडी घालून पाठवली, माझ्याकडं पैसे नाहीत म्हणून. मी दुसऱ्या दिवशी भाताखाली घालून परत केली.”

मी वही डोळ्यांपुढे आणली. घाटकोपर. ताप नाही. चौदा दिवस पूर्ण. पुढे बरोबरची खूण.

“पण राखणीला तर आम्ही होतो तिथं. मीच होतो दुपारचा.”

“होतात ना. खुर्चीत. तोंड उघडं, मान एका बाजूला, हात लोंबतायत.” तिने गवारीची शीर ओढून काढली. “तुमच्या त्या सिनेमातल्यासारखे. तीन वेळा डबा तुमच्या डोक्यावरून गेला.”

बाहेर पुन्हा झिमझिम सुरू झाली होती. मी बराच वेळ काही बोललो नाही. मग म्हटलं, “पाच वर्षं झाली. सांगितलं नाहीस कधी.”

“तुम्ही विचारलंत कधी?”

ती गवारीचं ताट उचलून आत गेली. आतून विचारलं, “च्या टाकू का?”

मी जरा मोठ्यानेच हो म्हटलं.